अर्धा डाव

"अहो, थांबा! वायर काढू नका!"

दुरुस्तीवाल्याचा हात प्लगवरच थबकला. संगणक उघडण्याआधी वीज तोडायची, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. दिवसभर जिने चढून पाय भरून आले होते आणि हे शेवटचं घर होतं.

"काकू, वीज चालू ठेवून मेमरी बदलता येत नाही."

"मग पडद्यावरचं ते जाईल?"

पडद्यावर एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव अर्धवट पडला होता. काकांना छातीत कळ आली तेव्हा ते हाच खेळत होते. दवाखान्यातून ते परत आले नाहीत, आणि काकूंनी संगणक बंदच केला नाही. पण आता त्यांच्या घरबसल्या टायपिंगचा नवा प्रोग्राम त्यावर रडतखडत चालायचा. काम देणाऱ्यांनी सरळ सांगितलं होतं, असंच चाललं तर काम बंद.

"नवी मेमरी एवढी वेगवान, मग तिला एवढंसं लक्षात राहणार नाही?"

त्याने फतकल मारली. "वेगवान म्हणजे एका खेपेत जास्त माल उचलते आणि खेपाही भराभर मारते. पण जगते विजेवरच. आतल्या कप्प्यांतली वीज सारखी गळते, सारखी भरावी लागते. पुरवठा तुटला की नवी काय, जुनी काय, पाटी कोरी."

"मग मेमरीची एक जुनी पट्टी राहू दे."

"तीही कोरीच होणार. वर नवीला तिच्या चालीनं चालावं लागेल."

"ह्यांच्याबरोबर फिरायला गेलं की माझंही तेच व्हायचं," काकू हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

"फोटो काढून ठेवू का?"

"फोटोतला डाव पुढे खेळता येतो का?"

त्याला घरी जायचं होतं, आणि त्या विचाराची लाजही वाटली. "मग खेळून संपवू या," तो म्हणाला.

"मला नाही येत. मी नुसती त्यावरून त्यांना बोलायचे."

त्याने मांडलेले पत्ते नीट पाहिले. कोपऱ्यातली उरलेली गड्डी क्लिक करून पुन्हा पुन्हा उलटली. मग माउस सोडून दिला.

"काकू, चालच उरली नाहीये. डाव केव्हाच अडलाय."

काकू पडद्याजवळ सरकल्या.

"तरीच. त्या दिवशी मी जेवायला हाका मारत होते, तर हे नुसते बघत बसलेले. ओरडले हो मी त्यांच्यावर." त्यांनी पदर सारखा केला. "करा आता बंद. उद्याचं काम होईल ना यावर?"

"होईल. भराभर होईल."

"बरं," म्हणून त्या काळ्या झालेल्या पडद्यापुढे तशाच बसून राहिल्या.