दोन काठांच्या रुपयांचा बटवा

मित्रांनो, आधी हात मागे घ्या, मग बोलू. मी एक जुना बटवा आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. ते मी लपवत नाही.

जन्मापासून मी असा नव्हतो. गोंडपिपरीच्या खाली, वर्धा नदीच्या काठावरच्या एका गावात कुंताबाई नावाच्या ढिवरणीनं, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातल्या बाईनं, मला शिवलं. तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठ विरला होता, त्या तुकड्याचा मी झालो. आत तिनं दोन कप्पे केले. एक तंबाखूचा, एक पैशाचा. पैसा कधीमधी असायचा, तंबाखू रोज असायची, आणि तिथंच माझा स्वभाव बिघडला. लोक यायचे, "कशी आहेस वो कुंता, बरी आहेस ना?" असं विचारायचे. चौकशी संपायच्या आत त्यांचा हात माझ्याकडे वळलेला असायचा. रोज असं पाहिल्यावर कोणाही बटव्याचा माणसांवरचा विश्वास उडेल.

आता नदीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या काठाला चांदा जिल्हा. पलीकडच्या काठाला निजामाचा मुलूख, त्याला आमच्याकडे मोगलाई म्हणत. मी सांगतो त्या वर्षी निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. राज्य गेलं, पण त्याचा रुपया अजून बाजारात फिरत होता. त्यावर चार मिनारांची इमारत काढलेली असे. त्याला म्हणत हाली. आमच्या काठाच्या सरकारी रुपयाला म्हणत कलदार. दोन्ही गोल, दोन्ही पांढरे, आणि दोघांनाही रुपयाच म्हणायचं. आमचा डोंगा पलीकडे लागला की बायका तिथल्या चिंचेखाली कलदार देऊन हाली घेत आणि मग बाजारात शिरत.

कुंताबाई मात्र कधी पलीकडे गेली नव्हती. पलीकडचा बाजार तिचा नवरा इस्तारी करायचा. तो पैसे धोतराच्या गाठीत बांधायचा. बटवा बायकांचा असतो, असं त्याचं मत होतं. परत आला की पाय धुताधुता म्हणायचा, "तो चिंचेखालचा सोमाजी चोर हाय. पैसे बदलून देते अन् वरून आना कापते." एवढंच. आना कशातून कापतो, किती रुपयांचे किती देतो, हे त्यानं कधी सांगितलं नाही. नवरे बाजारातून आले की तक्रार सांगतात, हिशोब सांगत नाहीत. त्यामुळे मी आणि कुंताबाई, आम्हा दोघांना सोमाजीबद्दल एवढीच माहिती होती की तो चोर आहे.

त्या वर्षी माघात एका बुडालेल्या खोडाला अडकून इस्तारीचं जाळं उभं फाटलं. ते सोडवायला तो पाण्यात उतरला, तर माशाचा काटा पायात खोल गेला. पाय भोपळ्यासारखा सुजला. तो घरात पडून राहिला आणि जाळ्याच्या चिंध्या कुडावर लटकत राहिल्या.

आमच्या गावच्या ढिवरांची एक रीत होती. होळीनंतर गावतलाव एकाच दिवशी मारायचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून त्यात जाळी टाकायची, आणि मासे वाटायचे ते माणसांत नाही, जाळ्यांत. जाळ्याला एक वाटा. घरात दहा माणसं असोत की दोन, जाळं पाण्यात असेल तर वाटा, नसेल तर काठावर उभं राहून बघा. त्या वाट्याचे मासे वाळवून कुंताबाईचं घर उन्हाळा काढायचं. जाळं नाही म्हणजे उन्हाळा कसा काढायचा, हा प्रश्न.

जाळ्याचं चांगलं सूत पलीकडेच मिळे. बारा रुपयांचा एक पुडा, असं इस्तारीनं सांगितलं. वाळके मासे विकून आणि धानाच्या कापणीची मजुरी राखून कुंताबाईनं बरोबर बारा कलदार जमवले होते. विणायला वीस-बावीस दिवस लागत. म्हणजे येणारा बाजार हाच शेवटचा. त्या दिवशी सूत हाती आलं नाही, तर जाळं वेळेवर होणार नव्हतं.

ते बारा रुपये माझ्या पोटात आले. इतकं वजन मी आयुष्यात पेललं नव्हतं. कुंताबाईनं मला कमरेला खोचलं, वरून पदर घेतला, पदरावर हात ठेवला, आणि तशीच डोंग्यात बसली. मी तिला मनोमन शाबासकी दिली.

शेजारी मैना बसली होती. ती तिची लहानपणची मैत्रीण. मैनानं पैसे आणलेच नव्हते.

"मी नाई बाई नगद घेऊन फिरत," ती म्हणाली. "आमच्या मासेवाल्या शेठनं चिठ्ठी देल्ली. पलीकडं त्याच्या साळ्याचं दुकान हाय. चिठ्ठी दाखवा, माल घ्या. चोर आला तं काय नेईन, कागद?"

"अन् त्या चिठ्ठीवर किती लिवलं हाय?"

"मले का वाचता येते?"

"मंग चोर त्या शेठालेच समज," कुंताबाई म्हणाली. डोंगा चालवणारा डोमा इतका हसला की वल्हं चुकलं.

पलीकडे चिंचेखाली दोन माणसं बसली होती. एक म्हातारा, मळक्या पागोट्याचा, पुढ्यात फडकं पसरून. तो सोमाजी. त्याच्यापुढे कोणी नव्हतं. त्याच्यासमोर सतरंजीवर पांढरी टोपी घालून बसलेले गुणवंतराव. ते आमच्याच काठाचे, नव्यानंच तिथं बसू लागलेले, बोलणं साखरेसारखं, आणि पुढे बायकांची ही रांग.

"या बाई, या. आपल्याकडच्या मान्साले मी लुटत नाई," ते म्हणत होते. "इथी आना कापनं नाई, बट्टा नाई. रुपयाले रुपया. एक कलदार द्या, एक हाली घ्या. चोख सौदा."

मित्रांनो, खरं सांगतो. माझ्यासारख्या संशयखोराला तिथं काहीही खटकलं नाही. उलट सोमाजीकडे पाहून मी मनात म्हटलं, बघ रे चोरा, प्रामाणिक माणूस कसा असतो. कुंताबाईनं बारा कलदार मोजून दिले, बारा हाली मोजून घेतले. प्रत्येक रुपया दगडावर आपटून वाजवला. सगळे खणखणले. नाणं खरं आहे की खोटं हे आम्ही दोघांनी नीट तपासलं. बाकी काही तपासायचं असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

सूतवाला तेलुगू बोलणारा होता. दाढी वाढलेली, डोळे बारीक. मला तो बघताक्षणी आवडला नाही. त्यानं कुंताबाईचे रुपये हातात घेतले, उलटेपालटे केले, आणि मान हलवली.

"इंका रेंडु. दोन आनखी, अम्मा."

"काऊन दोन? बारा रुपये पुडा हाय ना?"

"बारा कलदार. हे हाली. हालीचे चौदा."

झालं! मी म्हटलं, चोर सापडला. कुंताबाईचाही आवाज चढला. "बाईमानूस पाहून भाव वाढवते काय रे? इस्तारी ढिवराची बायको हाय मी, दर साली तो तुह्याच दुकानात येते!"

"अर्धा पुडा दे मंग," मैना मध्ये पडली. पण मिलचा बांधलेला पुडा होता, तो फोडत नव्हता. मैनानं आपली चिठ्ठी पुढे केली. सूतवाल्यानं ती वाचली, परत दिली, आणि म्हणाला, "हे त्या दुकानात चालते. इथं नुसता कागद."

मैनाचं तोंड उतरलं. "बाई, मी काई कामाची नाई वो. माह्याजवळ नगद एक पैसा नाई."

सूतवाला चिडला नाही. त्यानं टोपलीतले चिंचोके घेतले. एका बाजूला सहा मांडले, दुसऱ्या बाजूला सात. सहाकडे बोट दाखवून म्हणाला, "कलदार." सातकडे दाखवून म्हणाला, "हाली. दोन्ही सारके." मग पुन्हा तसंच मांडलं. बारा आणि चौदा. "अम्मा, कलदार कोनाला दिला?"

कुंताबाईनं चिंचोके स्वतः बोटानं मोजले. मग तिनं बारा हाली माझ्यात टाकले आणि चिंचेकडे निघाली. मी मात्र अजून म्हणत होतो, याचं ऐकू नकोस, हा चिंचोक्यांचा खेळ आहे.

पण ती माझ्यापेक्षा शहाणी. ती आधी सोमाजीपुढे जाऊन बसली.

"सोमाजी, बारा कलदारचे हाली किती होतात जी?"

"चौदा. त्याच्यातून दोन आने माहे."

"अन् हे तुमी ओरडून काऊन नाई सांगत?"

"सांगतो तं," म्हातारा म्हणाला, "बाया म्हनतात, बुढा आना कापते." आणि त्यानं फडक्यावरची धूळ झटकली.

मित्रांनो, इतकी वर्षं ज्याला मी चोर म्हणत होतो, तो चौदातून दोन आणे घेत होता. आणि ज्याला मी साधू समजलो, त्यानं बट्टा नाही म्हणत म्हणत दोन रुपये काढले होते. बटव्याला लाज वाटली तर तो कुठं तोंड लपवणार? त्याचं तोंडच नाडीनं बांधलेलं.

मला वाटलं, आता भांडण होणार. गुणवंतराव म्हणणार, राजीखुशीनं घेतलंस ना बाई. आणि ते खरंच होतं. तिकडे घाटावरून डोमा ओरडत होता, "चला वो बायाहो, दिवस कलून राह्यला, डोंगा सुटन!" कुंताबाई रांगेत शिरली नाही. ती सरळ सतरंजीपुढे जाऊन उभी राहिली आणि गरीब तोंड करून म्हणाली,

"भाऊ, मले सूत नाई भेटलं. हे घ्या तुमचे बारा, अन् माहे बारा वापस द्या."

गुणवंतराव हसले. "असं वापस नाई होत बाई. झाला सौदा."

"काऊन जी? रुपयाले रुपया म्हनलं ना तुमी? इकडून तिकडं रुपयाले रुपया, तं तिकडून इकडं काऊन नाई?"

"अवो, कलदार महाग पडते मले!"

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. रांगेतल्या सात-आठ बायकांनी एकदम माना वळवल्या. मग मैना पुढे आली, कमरेवर हात ठेवून.

"महाग पडते? किती महाग पडते जी? आमालेबी सांगा."

रांगेत पुढे आलेले हात एकेक करून पदराखाली गेले. एका म्हातारीनं तर नुकतेच दिलेले तीन कलदार सतरंजीवरून स्वतःच उचलून घेतले. गुणवंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. डोंगा आमचा, बायका आमच्या, आणि संध्याकाळी त्यांनाही त्याच डोंग्यातून परत यायचं होतं.

"घे बाई, घे. एवढ्याशासाठी तमाशा!" त्यांनी बारा कलदार पुढे टाकले.

कुंताबाईनं एकेक दगडावर वाजवला. अकरा चांगले वाजले, बारावा बदकन् बोलला. "हा बदला," ती म्हणाली, आणि त्यांनी मुकाट बदलला. पुढं कळलं की तो नव्या सरकारचा चांगला रुपया होता. त्यात चांदी नव्हती म्हणून तसा वाजला. असो. संशयाच्या हातून एखादा निरपराधही मार खातो.

मग आम्ही धावलो. सूतवाल्यानं बारा कलदार घेतले, पुडा दिला, आणि म्हणाला, "अम्मा, कलदार मला चालते. बदलू नको, सीधा इकडे ये." म्हणजे मुळात बदलायची गरजच नव्हती! कित्येक वर्षं सगळ्या बायका केवळ रीत म्हणून चिंचेखाली थांबत होत्या.

येताना मी रिकामा होतो आणि कुंताबाईच्या मांडीवर सूत होतं. गुणवंतराव डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले होते. मैना मात्र दर थोड्या वेळानं मोठ्यानं म्हणायची, "महाग पडते बाई!" आणि सगळ्या पदर तोंडाला लावायच्या.

सुजल्या पायानं इस्तारी रोज विणत बसला, रात्रीची जागा कुंताबाईनं घेतली. तलाव मारायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची गाठ बसली. दुसऱ्या दिवशी इस्तारी काठावर काठी टेकून बसला आणि कुंताबाई कासोटा मारून स्वतः पाण्यात उतरली. वाटे पडले तेव्हा म्हाताऱ्यांनी जाळी मोजली. अकरा. अकरावं तिचं होतं. तिच्या टोपलीत मासे पडले तेव्हा इस्तारी दुसरीकडे बघत होता. बहुतेक त्याला डोळ्यांत पाणी आलेलं दाखवायचं नव्हतं. पण माझी त्याच्यावर बारीक नजर होती.

त्यानंतर पलीकडचा बाजार कुंताबाईच करू लागली. चार वर्षं मी तिच्या कमरेला होतो. डोंग्यात ती नव्या बायकांना सहा आणि सात शिकवायची. माझं कौतुक व्हायचं. मग नवे पैसे आले, आणे गेले, हालीही बंद झाले. पलीकडचा मुलूख आणि आपला मुलूख यांचा रुपया एक झाला. आता मला खुंटीला टांगलं आहे. शिवण एका बाजूनं उसवली आहे. तंबाखूच्या कप्प्यात मिरचीचं बी आहे, आणि दुसऱ्या कप्प्यात पलीकडे कधीतरी मोड म्हणून आलेला एकच हाली रुपया राहून गेला आहे. परवा कोणीतरी तो काढून पाहिला आणि "खोटा आहे" म्हणून परत टाकला.

मित्रांनो, बाजारात डोळे उघडे ठेवा. परक्या काठावर पैसे बदलण्याआधी ते तसेच चालतात का, हे विचारा. फुकटात काही मिळत असेल तर दोनदा मोजा, आणि एखाद्याला चोर म्हणण्यापूर्वी त्याच्यासमोर बसून त्याचा हिशोब ऐका. माझ्या उसवल्या कडेला कोणी दोन टाके घातले तर बरंच. नाही घातले तरी चालेल, पण तेवढा रुपया फेकू नका. तो खोटा नाही. त्याचा बाजार उठला आहे, एवढंच.