एवढे सूर कशाला, शी!

मी एक जुनी गिटार आहे आणि मला अतोनात किळस आलेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारी फार कुरकुरते.

माझा जन्म गोराईला, एका कॅथलिक सुताराच्या पडवीत झाला. तो होड्या दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात गिटारी घडवायचा. गावातल्या लग्नांत मी खूप वाजले. लोक नाचायचे, माझं कौतुक करायचे. मग सुतार गेला, लग्नांत स्पीकरच्या भिंती आल्या आणि मी फिरत फिरत मुलुंडच्या एका गिटार क्लासमध्ये खुंटीला टांगली गेले. तिथे मुलं वडापावच्या तेलकट बोटांनी मला हाताळायची. एकाने तर माझ्या पोटावर कार्टूनचं स्टिकर चिकटवलं. तेही मी सोसलं.

पण देवव्रत सरांचं बोलणं नाही सोसवलं. क्लास त्यांचाच. दर शनिवारी ते मोबाइलवर ब्लूज या अमेरिकी संगीताचे थोर गिटारवादक ऐकवायचे आणि लगेच मार्क द्यायचे. बी. बी. किंग? "सूर फार कमी. दहापैकी सहा." जॉन ली हूकर? "एकाच कॉर्डवर बसून राहतो. पाच." अल्बर्ट किंग? "गिटार उलटी धरतो. पद्धतच चुकीची." शी! अहो, ही काय सहामाही परीक्षा आहे?

हूकर पायाने जमिनीवर ठेका धरायचा आणि एका कॉर्डवर, म्हणजे सुरांच्या एकाच जुडीवर, माणसाला असा खिळवून ठेवायचा की उठायचं सुचू नये. डावखुरा अल्बर्ट किंग उलट्या गिटारीची तार खाली ओढायचा आणि सूर विव्हळत वर जायचा. बी. बी. किंग एकच सूर धरायचा, बोट थरथरवायचा आणि तेवढ्यावर ओळखू यायचा. गाताना हात थांबवायचा, वाजवताना तोंड. तिघांचे तीन स्वभाव, म्हणून तिघंही लक्षात राहतात. आमचे सर मात्र सूर मोजत बसायचे. "रिकामी जागा दिसली की सूर घाला," हा त्यांचा मंत्र.

त्या क्लासमधली जान्हवी मला सरावासाठी घरी घेऊन गेली, घाटकोपरला भटवाडीत. तिचे वडील दशरथबुवा डबल बारीचे भजनी बुवा. डबल बारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने गायचं, दुसऱ्याने गप ऐकायचं, आणि आपली बारी आली की गाण्यातूनच उत्तर द्यायचं. पण घशाच्या ऑपरेशननंतर बुवांचा आवाज फाटला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज थोडं गा, नाहीतर आहे तो आवाजही जाईल. बुवांना त्या घोगऱ्या आवाजाची लाज वाटायची. चहासुद्धा ते खुणेने मागायचे.

"बाबा, तुम्ही एक ओळ म्हणा ना. मी गिटारवर उत्तर देते," जान्हवी म्हणाली.

बुवांनी घसा खाकरला. अर्धी ओळ जेमतेम बाहेर आली. ते दम घ्यायला थांबले, आणि या पोरीने रिकामी जागा बघून सुरांची बादलीच ओतली! बुवांनी तोंड मिटलं आणि ते भिंतीकडे वळले.

"अगो, तेंका जरा श्वास तरी घेवंक दी!" जान्हवीची आई, रुक्मिणी, स्वयंपाकघरातून ओरडली.

शी, शी, शी! माझ्याच तारांनी त्या माणसाचं तोंड बंद केलं. त्या क्षणी मला कुणी बंबात घातलं असतं तरी चाललं असतं.

पुढे बरेच दिवस बुवा गाण्याचं नावही काढेनात. जान्हवीने मला हात लावला नाही. मग एका दुपारी ती मोबाइलवर बी. बी. किंग लावून बसली होती. तो गायला, थांबला. मग त्याची गिटार बोलली, थांबली. बुवांनी मान वर केली.

"हो समोरच्याची बारी राखता," ते मोबाइलकडे बोट दाखवत घोगऱ्या आवाजात म्हणाले.

जान्हवीने मोबाइल बंद केला. मग तिने मला मांडीवर घेतलं, एकच सूर वाजवला आणि तो थांबवायला तळहात माझ्या तारांवर सपाट ठेवला. शेजारी मिक्सर घरघरत होता. तिची बोटं शिवशिवत होती, मला कळत होतं. बुवांनी ओळ उचलली. मध्येच आवाज फाटला, खोकला आला. जान्हवी हलली नाही. बुवांनी दम घेतला आणि ओळ पुरी केली. मग तिने पुन्हा एकच सूर दिला. रुक्मिणी हातातलं लाटणं तसंच धरून दारात रडत होती. आता बापलेक रोज बसतात.

परवा क्लासच्या कार्यक्रमाची तालीम झाली. जान्हवीने घरी वाजवायची तेच, तसंच थांबत थांबत वाजवलं.

"अगं, मध्ये एवढी रिकामी जागा? विसरलीस का पुढचं?" सरांनी विचारलं.

"रिकामी नाहीये, सर. ती बाबांची बारी आहे."

सरांनी दहापैकी चार दिले. शी!

मित्रांनो, माझी धूळ पुसा, नाहीतर पुसू नका. ते स्टिकरही एक वेळ राहू द्या. पण समोरचा माणूस दम घ्यायला थांबला असेल, तर तेवढा वेळ हात तारांवर ठेवा. त्याचं गाणं अजून संपलेलं नसतं.