नळाचा घाम

लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या नाकाला सगळी गल्ली वचकून असायची. गिऱ्हाईक काउंटरवर गाठोडं ठेवायचं, आणि बाई गाठ न सोडताच म्हणायच्या, "ओलं बांधून ठेवलं होतंत. आंबलंय." अशा बाईच्या पोटी डोंगरात पळणारा मुलगा निघावा, ही दैवाची थट्टाच म्हणायची.

मुलगा चष्म्याच्या दुकानात नोकरीला, चाळिशीला टेकलेला. एकदा जेवता जेवता त्याने सांगून टाकलं की हिवाळ्यात तो शर्यतीत ऐंशी किलोमीटर पळणार, तेही डोंगरातल्या पाऊलवाटेने.

"मागे कोणी लागलंय का?" बाईंनी विचारलं.

"आई, लोक हौसेने पळतात."

"हौसेने लोक पत्ते खेळतात."

पण गडी ऐकेना. दर रविवारी अंधारातच तो ओळखीच्या एका दातांच्या डॉक्टरच्या पळणाऱ्या टोळक्याबरोबर जायचा आणि दुपारी लंगडत यायचा. पायाची नखं काळी पडली. त्यातलं एक न्हाणीघरात गळून पडलं, ते बाईंनी कागदाच्या चिमटीत उचललं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. चड्डीच्या खिशात अर्धा खाल्लेला उकडलेला बटाटा निघायचा, नाहीतर पळताना चोखायच्या गोड पाकाचं फुटलेलं पाकीट. शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ आणि वास तर असा, की कपाटामागे उंदीर मरावा. बाईंनी त्या कपड्यांना वेगळा टब दिला होता. नाकाला रुमाल बांधून त्या ते काठीने ढवळायच्या आणि सुनेला म्हणायच्या, "हे माणूस आहे की घोडा, तपासून घे."

काउंटरवर मात्र त्यांची भाषा निराळी. "आमचा ऐंशी पळणार आहे," त्या गिऱ्हाइकांना ऐकवायच्या. "तुमचा कोपऱ्यावरून पाव आणायला गाडी काढतो."

मग एका रविवारी शर्ट आला तो चिंब ओला. बाईंनी सवयीने श्वास रोखला, काठी घेतली. नंतर हळूच श्वास घेतला. वासच नाही. रुमाल काढून त्यांनी शर्ट नाकाशी धरला. नळाचं पाणी, बाकी काही नाही. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. इतके दिवस घाणीने त्यांना नुसतं मळमळायचं. या स्वच्छ शर्टाने खरी शिसारी आली.

मुलगा इस्त्रीच्या खोलीत पाय लांब करून बसला होता. सून चादरीला इस्त्री करत होती.

"कुठल्या नळाखाली बसतोस रे?" बाईंनी विचारलं.

"आज वारा होता, आई. घाम आलाच नाही."

"मग शर्ट कशाने भिजला, लाजेने?"

सुनेची इस्त्री थांबली. मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "टेकडीखाली बाग आहे. तिथला नळ."

"आणि दुपारपर्यंत?"

"बाकावर बसतो. डॉक्टरांना सांगितलंय, ताप येतोय."

"का?"

त्याने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाला, "महिन्यामागे एका रविवारी लांबचं पळणं होतं, त्यात पोट बिघडलं. उतारावर. आडोशाला जायलाही वेळ मिळाला नाही. मागून सगळे येत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच."

"आणि ती चड्डी?"

"जंगलात पुरली."

"तरीच एक कमी भरत होती," सून म्हणाली आणि तिने चादरीत तोंड लपवलं.

"घरची लॉन्ड्री असताना पुरली?" बाईंचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "पोटाचं मी काही म्हणत नाही. पोट राजालाही फसवतं. पण ही तुझे पाय चेपते, मी तुझी घाण ढवळते, चारचौघांत तुझ्या नावाने नाक वर करून बोलते, आणि तू तिकडे बाकावर बसून पाखरं मोजतोस? त्या घाणीची नाही आली इतकी किळस येते मला तुझी. लाव त्या दातवाल्याला फोन. जातोस की नाही जात, काय ते सांग. पण खरं सांग, आणि माझ्या देखत."

मुलाने फोन लावला. आवाज मोठा ठेवायला बाईंनी बोटाने खुणावलं. मुलगा अडखळत सगळं बोलला.

"अरे, एवढंच ना?" पलीकडून डॉक्टर म्हणाले. "ताप खोटा वाटला, म्हटलं गुडघा गेला असेल. उतारावरचं आम्ही पाहिलं होतं, पण तूच बोलेनास, मग आम्ही कसं बोलायचं? पहिल्या वर्षी माझं दोनदा झालं. तो पाक एकदम चोखायचा नसतो, पोटालाही सराव लागतो. रविवारी ये, हळू जाऊ."

दोनदा. बाईंनी तोंड असं केलं, जणू फोनमधूनच वास आला.

मुलगा फोनवर हात ठेवून आईकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस? पळणारा तू."

त्याने हात काढला. "येतो," म्हणाला. "पण सगळ्यांच्या मागे पळेन मी."

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "आणि यापुढे वाटेत काहीही होवो, कपडे घरी आणायचे. पुरायला ते काय मढं आहे?"

मग त्या सुनेकडे वळल्या. "अगं, उद्या माझी दाढ दाखवायला त्या दातवाल्याची वेळ घेतली आहेस ना?"

"हो, आई. सकाळचीच."

"रद्द कर. दुसरा बघ कोणीतरी, न पळणारा."