डाव्या हाताची लोखंडी बाही

मित्रांनो, मी एक म्हातारी बाही आहे. शिंप्याने शिवलेली नव्हे, लोहाराने ठोकलेली. ग्रीक राजाच्या चिलखती घोडेस्वाराच्या डाव्या हातावर, खांद्यापासून मनगटापर्यंत मी चढायचे. सध्या अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या एका लहानशा संग्रहालयात काचेमागे असते. काचेपलीकडच्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अफगाणिस्तानच्या उत्तरेला, अमू दर्या नदीच्या काठी, ग्रीकांच्या राज्यात माझा जन्म झाला. लोखंडाच्या अरुंद पट्ट्या एकीवर एक चढवून आतून चामड्यावर खिळ्यांनी बसवल्या. लांबलचक भाला पेलणाऱ्या स्वाराला ढाल घेता येत नसे, म्हणून ढालीचं काम माझ्याकडे आलं. वार मी झेलले. मेजवानीत कौतुक झालं ते त्याच्या छातीचं. तो फुगून हसायचा आणि मला कोपऱ्यात फेकायचा.

पुढे किल्ला पडला, शस्त्रागार जळालं आणि त्याचं छप्पर माझ्यावर कोसळलं. मातीखाली मी गंजत गेले. माझं चामडं कुजलं, पण जाता जाता त्याचा ठसा माझ्या गंजात उमटवून गेलं.

मग मला खणून काढणारे शहाणे आले. त्यांनी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली, ‘पायाचं चिलखत’. त्यानंतरच्या विद्वानांनी ती चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि खण बंद केला. मला उचलून बघण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

अखेर मी या संग्रहालयात पोचले आणि इथल्या प्रदर्शनप्रमुख देवची नजर माझ्यावर पडली. हा टेक्सासमधल्या फ्रिस्कोत वाढलेला, मराठी आईबापांचा मुलगा. मला घोडेस्वाराच्या एका पुतळ्याच्या पायावर चढवून लखलखीत करायचं त्याने ठरवलं आणि ते काम अबोलीला सांगितलं. अबोली पुण्याहून आलेली, जुन्या धातूंच्या जतनावर संशोधन करणारी विद्यार्थिनी. तिने आधी गंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला वेळ मागितला. देवला कुठला धीर? ती वर्गात असताना त्याने स्वतःच तारेचा फिरता ब्रश माझ्यावर चालवला.

दोन पट्ट्या साफ झाल्या तेवढ्यात अबोली आली. तिने आधी प्लग काढला.

“देव, या गंजात चामड्याचा ठसा आहे. शिवणीची भोकंसुद्धा दिसतात. या दोन पट्ट्यांवरचं मात्र गेलं. ते आता कुणालाच कळणार नाही.”

“लोक आर्मर बघायला येतात, रस्ट नाही,” देव म्हणाला. “फ्रायडेला ओपनिंग आहे. तुला जमत नसेल तर मी दुसरं कुणीतरी बघतो.”

“बघ. माझ्या हातून हे होणार नाही.”

संग्रहालयातल्या या नोकरीवर तिचं शिक्षण चाललं होतं. तरीही ती हलली नाही. तिने माझ्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, फितीवर जोडल्या आणि देवच्या पायाला गुंडाळून बघितल्या. मांडीला घेर पुरेना. मग त्याच त्याच्या डाव्या हातावर चढवल्या आणि लगाम म्हणून हातात दोरी दिली. कोपर सहज वाकलं. देवने ते स्वतःच दोनतीनदा वाकवून बघितलं. मग तो सॉरी म्हणाला. अर्थात तिला. मला कोण म्हणतंय?

पुतळा रद्द झाला, चिठ्ठी बदलली आणि मी गंजासकट काचेत आले. उद्घाटनाला देवने ‘आमच्या टीमचा शोध’ असं भाषण ठोकलं. अबोली मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. सबंध दालनात तेवढं एकच माणूस माझ्याकडे बघत होतं. बाकीचे फोटो काढत होते, तेही त्या दोन चकचकीत पट्ट्यांचे.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती लागली तर आधी ती नीट बघा. जाणत्याला विचारा. घासायची घाई करू नका. धूळ आणि गंजसुद्धा काही सांगत असतात. आणि कधी इथे आलात, तर माझ्या त्या दोन पट्ट्यांपाशी जरूर वाका. तिथे तुम्हाला तुमचं तोंड स्वच्छ दिसेल. दुसरं काहीही दिसणार नाही.