राणीच्या स्पर्धेत ग्रेव्हीचं पोट

आमच्या सेज क्रीक गावात रोडिओची, म्हणजे घोड्या-बैलांच्या खेळांच्या जत्रेची, राणी व्हायचं तर नुसतं देखणं असून भागत नाही. भरधाव घोडा जागच्या जागी थांबवताना चेहऱ्यावरचं हसू ढळता कामा नये. बैलाच्या पाठीवरच्या गड्याचे गुण कशाने जातात, खोगिराच्या कुठल्या पट्ट्याला काय म्हणतात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. भाषण पाठ हवं, आणि ते पाठ केलंय असं वाटायलाही नको. आणि हॅट! रिंगणात हॅट पडली की गुण गेलेच. म्हणून ती आम्ही पिनांनी, चिकटपट्टीनं आणि थोडी देवाच्या भरवशावर बसवतो.

माझ्या भावाच्या, व्हर्नच्या मुलीनं यंदा स्पर्धेत उतरायचं ठरवलं. ऑड्रा लिंडक्विस्ट तिचं नाव. तिची आई ती शाळेत जायच्या आधीच गेली, त्यामुळे वाढवलं ते व्हर्ननंच, गुरंढोरं सांभाळत. गावात माझं केसांचं दुकान आहे. व्हर्न एक दिवस दारात येऊन उभा राहिला. आत बायका बसलेल्या असल्या की तो उंबरा ओलांडत नाही.

"नदीन, घोड्याचं मी बघतो. डोक्याचं तू बघ."

"डोक्याचं म्हणजे?"

"केसांचं गं. मला शेपटीची वेणी घालता येते, माणसांची नाही."

तो सगळा हिवाळा ऑड्रा माझ्या दुकानात मुलाखतीचा सराव करायची. केस वाळवायला बसलेल्या बायका परीक्षक. टोलेफसन आजी तर मुद्दाम वाकडे प्रश्न काढायच्या. "गोमांसाचे भाव पडले त्याला जबाबदार कोण?" म्हणून विचारायच्या आणि पोरगी उत्तर द्यायला लागली की म्हणायच्या, "मोठ्यानं बोल, मी मशीनखाली आहे!" पहिल्या महिन्यात ऑड्राच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. वाऱ्यात आणि गुरांत वाढलेली पोर, बोलायची सवय ती घोड्याशी. पण उन्हाळा येईतो ती आजींना उलटे प्रश्न विचारायला लागली होती.

घोडा म्हणजे ग्रेव्ही. तपकिरी रंगाचा, थोडा ढेरपोट्या. त्याची आई विताना मेली होती, तेव्हा ऑड्रानं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांची सावली.

पहिला दिवस छान गेला. भाषण झालं, मुलाखत झाली, कपडे मिरवून झाले. चौघी मुली होत्या, पण खरी चुरस ऑड्रा आणि डिलेनी स्ट्राउड यांच्यातच. डिलेनी जिल्ह्याच्या पलीकडच्या टोकाची, गेल्या वर्षी थोडक्यात दुसरी आलेली. बोलायला लागली की समोरच्याची सालं निघावीत अशी जीभ. दुसऱ्या दिवशी दुपारी घोडेस्वारी आणि तिथेच निकाल.

त्या दिवशी सकाळी मी ऑड्राच्या शेवटच्या बटेवर फवारा मारत होते, तेवढ्यात तबेल्याकडून व्हर्नची हाक आली. आम्ही दोघी धावलो, माझ्या हातात फवाऱ्याचा डबा तसाच. ग्रेव्ही ठाणात आडवा पडला होता. मान वळवून पुन्हा पुन्हा स्वतःच्या पोटाकडे बघत होता. अंगाला घाम. समोरचं गवत तसंच.

"पोटशूळ," व्हर्न म्हणाला.

ऑड्रा फिरोजी शर्ट, झालरीची पँट, चकचकीत बूट अशी सजलेली. तशीच आत घुसली, त्याला दटावून, चुचकारून उभा केला आणि बाहेर काढून फिरवायला लागली. जनावरांच्या डॉक्टर प्रुइटबाई आल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, कान लावून पोट ऐकलं. त्यांचा चेहरा काही मला आवडला नाही.

"चालता ठेवा. लोळू देऊ नका, आतडं पिळलं तर संपलं. लीद टाकली की समजा सुटलो. दुपार उलटेपर्यंत नाही टाकली, तर ऑपरेशनला शहरात हलवावं लागेल. आणि तेवढा प्रवास..." म्हणत त्यांनी नळी गुंडाळायला घेतली.

पोर त्याला घेऊन चकरा मारत राहिली. तबेल्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून तबेल्यापर्यंत. बटा सुटल्या, बुटांवर धूळ चढली. मी कुंपणाला टेकून फवाऱ्याचा डबा हातात धरून उभी. माझा उपयोग शून्य.

स्पर्धेची एक बाई येऊन सांगून गेली, घोडा आजारी असेल तर दुसरा चालेल, पण नाव पुकारलं की फाटकात हजर पाहिजे. नाही तर बाद.

"तू जा," व्हर्न म्हणाला. "मी फिरवतो."

"तुम्हाला हिसडा मारून लोळेल तो."

"तुझ्या जन्माआधीपासून घोडे फिरवतोय मी, पोरी."

"बाबा, इथे त्याचा जीव जात असेल आणि मी तिकडे लोकांना हात हलवत असेन. नाही जमणार मला."

तिच्या जागी व्हर्न असता तर तोही हलला नसता.

तेवढ्यात डिलेनी आली. स्वतःच्या घोड्यावर नाही, पायी, आणि हातात एका तांबूस घोडीचा लगाम.

"काय गं, मैदान सोडून पळतेस?"

"घोडा मरायला टेकलाय, डिलेनी. आज नको."

"डोळे आहेत मला. म्हणून तर हिला आणलंय. माझीच दुसरी घोडी, जिंजर नाव हिचं. डावीकडे वळताना रुसते. लगाम ओढलास तर आणखी रुसेल, गुडघ्यानं सांग."

ऑड्रा चालता चालता थांबली. "का देतेस?"

"उपकार म्हणून नाही देत. आज मी अशीच जिंकले, तर लोक वर्षभर म्हणत बसतील, ऑड्रा नव्हती म्हणून जिंकली. मला नाही ते ऐकून घ्यायचं."

ऑड्रानं बापाकडे पाहिलं. व्हर्ननं पुढे होऊन ग्रेव्हीचा दोर तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

"जा. बरं होवो, वाईट होवो, तुला लगेच कळवीन. रिंगणात असलीस तरी कळवीन. लपवणार नाही. शब्द देतो."

बाप पोरीशी कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून ती गेली. मी पळत पळत तिचे केस हॅटखाली कोंबले, असतील नसतील तेवढ्या पिना खुपसल्या आणि तिला जिंजरवर चढवलं.

घोडीनं पहिल्याच डाव्या वळणावर रुसवा दाखवला. डोकं वर, पाय जागच्या जागी. ऑड्राचा हात लगामाकडे गेला आणि मध्येच थांबला. मग तिनं गुडघा दाबला आणि घोडी वळली. पुढचं वळण बरं गेलं, शेवटची दौड तर झकासच. रिंगणाच्या मधोमध येऊन घोडी मातीत मागचे पाय रोवून अशी थांबली की लोकांनी शिट्ट्या मारल्या. ऑड्रा हसत होती, पण ते हसू फक्त ओठांवर होतं, हे मला लांबूनही दिसत होतं.

आता शेवटचा आयत्या वेळचा प्रश्न. मुख्य परीक्षक ध्वनिक्षेपक घेऊन पुढे आले. सगळं रिंगण शांत झालं.

"मिस लिंडक्विस्ट, कठीण प्रसंगी राणीनं लोकांसमोर कसं..."

"टाकली!"

तबेल्यामागून आवाज आला. माझा भाऊ मुलखाचा घुमा. आयुष्यात कधी चारचौघांत ओरडला नव्हता.

"ऑड्रा! टाकली गं! ढीगभर टाकली!"

सगळ्या माना तिकडे वळल्या. परीक्षक गोंधळून ध्वनिक्षेपकातच म्हणाले, "काय टाकली?"

ऑड्रानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय कळेना, आणि दोन्ही चाललं होतं. "लीद, सर," ती म्हणाली. "माझ्या घोड्यानं. सकाळपासून पोटशूळ होता."

हे शहरात घडलं असतं तर लोकांनी नाकं मुरडली असती. पण आमच्या त्या बाकांवर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी घोडा असा दोर धरून फिरवलेला, आणि काहींचा वाचलेला नाही. आधी मागच्या रांगेत एक म्हातारा उठला आणि त्यानं हॅट उंच धरून आरोळी ठोकली. मग सगळीच बाकं उठली. टाळ्या थांबेचनात.

परीक्षकही हसत होते. टाळ्या ओसरल्यावर म्हणाले, "बरं, आता प्रश्नाचं उत्तर?"

"सर, तुमचा प्रश्न माझ्या डोक्यातून पार गेला. मी घोड्याकडे जाऊ का?"

गेलीच ती.

मी पोहोचले तेव्हा व्हर्न उपड्या बादलीवर बसला होता, समोर तो ढीग. राखण केल्यासारखा बसला होता. कोणीतरी साफ करायला आलं, तर त्याला म्हणाला, "असू दे थोडा वेळ." प्रुइटबाई ग्रेव्हीच्या पोटाला कान लावून मान डोलवत होत्या. "गुरगुरतंय छान. पण आज दाणा नाही हं, कितीही तोंड केलं तरी." ऑड्रा त्याच्या मानेत तोंड खुपसून उभी होती. तिच्या पाठीवर बापाचा हात.

निकाल लागला. उत्तर दिलं नाही त्याचे गुण गेले आणि ऑड्रा दुसरी आली. मुकुट डिलेनीला. तो डोक्यावर चढल्याबरोबर ती ऑड्राच्या कानात म्हणाली, "जिंजरला वाट्टेल तसं पळवलंस. पुन्हा देणार नाही." आणि मग तिला घट्ट मिठी मारली.

संध्याकाळी आम्ही तिघं रस्त्यावरच्या खाणावळीत बसलो. सकाळपासून कोणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. बटाट्याचा लगदा, तळलेलं मांस, वर पांढरा रस्सा. ऑड्रानं आपली ताटली साफ करून पुन्हा मागवली.

व्हर्ननं तिच्याकडे बघत काटा खाली ठेवला. म्हणाला, "हरलीस म्हणून वाईट वाटतंय का गं?"

"उद्या सकाळी वाटेल बहुतेक," ती घास गिळत म्हणाली. "आज जागाच नाही." आणि बापाच्या ताटलीतले बटाटे तिनं आपल्याकडे ओढून घेतले.