तीन नळ्यांचा भोंगा

पासिंगच्या, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीच्या, आदल्या दिवशी भोंगा काढायचा आणि पासिंग झालं की पुन्हा बसवायचा, ही अमरावतीहून वलगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या गॅरेजांची रीतच होती. मोटारीच्या कायद्यात कर्कश भोंग्याला मनाई होती. त्यामुळे साहेब तपासायला आले की ट्रकच्या दारावर रबरी भोंपू गरीब गाईसारखा लटकलेला असे. कायदा वर्षातून एक दिवस पाळला जाई, आणि त्या एका दिवसाचं काम हुसेन मिस्त्रीकडे येई.

हुसेनचा हात त्यात चांगलाच बसला होता. पितळी पत्र्याच्या तीन नळ्या तो स्वतः वळवायचा आणि इंजिनाच्या धुराच्या नळीला जोडायचा. ड्रायव्हरनं तार ओढली की आवाज कोसभर जाई. प्रत्येक भोंग्याचा सूर निराळा. रस्त्यानं गाडी गेली की हुसेन मान वर न करता मालकाचं नाव सांगायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

"तुमच्या त्या भोंग्यानं माह्या छातीत धडकी भरते," त्याची बायको हलीमाबी चहा आणून देताना म्हणायची.

"मालक लोकाइले तेच पायजे," हुसेन म्हणायचा. "मी नाही लावला तं बाजूचा लावन." हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यात काही खोट आहे असं त्याला वाटेनासंच झालं होतं.

बासष्ट सालच्या त्या मंगळवारी सकाळी आठाच्या सुमारास गोवर्धनशेठचा ट्रक दारात उभा राहिला. ड्रायव्हरच्या बाजूला शेठ स्वतः बसलेला.

"मिस्त्री, भोंगा काढ, भोंपू लाव. पासिंग हाये."

"पासिंग तं दिवाळीनंतर होतं नं, शेठ?"

"साहेबाची मर्जी. तुले काय कराचं? हात चालव."

हुसेननं हात चालवला. पुढच्या चाकाला वांग्यांचा चेंदा चिकटला होता, तोही त्यानं चिंधीनं पुसून काढला. गाडी स्वच्छ करून द्यायची त्याची सवय होती.

दुपारी गॅरेजात बातमी आली. वलगावचा मोतीराम पहाटे वांग्याची बंडी घेऊन बाजाराला निघाला होता. पुलाजवळ मागून आलेल्या ट्रकनं भोंगा धरला तो सोडलाच नाही. बैल उधळले, बंडी उलटली आणि मोतीराम तिच्याखाली गेला. रस्ताभर वांगी पडली होती, म्हणाले.

हुसेननं कोपऱ्यातली चिंधी उचलून पाहिली. मग सकाळी काढलेला भोंगा पोत्यात घातला आणि तो ठाण्याकडे निघाला.

जमादारानं पोत्यात डोकावून पाहिलं. "पंचनामा झाला, मिस्त्री. शेठच्या गाडीले रबरी भोंपू हाये. बंडीले गाडी लागली बी नाही."

"भोंपू म्या लावला, साहेब. आज सकाळी, हा काढून."

"मंग तूच फसशीन. बनवणारा तू, काढणारा तू. शेठ म्हणन, मले काही ठाऊक नाही."

"माह्यं नाव लिवा. पण हे बी लिवा."

जमादार वाईट माणूस नव्हता. त्यानं वही मिटली आणि आवाज खाली आणला. "लिवून मेलेला उठते का? कायदा हाये, मले पाठ हाये. इथून जाणारी दर दुसरी गाडी मले अडवा लागन, अन् सांजेले माही बदली होईन. जा बापा घरी."

हुसेन पोतं घेऊन परत आला. एवढा लाचार तो जन्मात कधी झाला नव्हता. पंधरा दिवसांनी शेठ भोंगा बसवून घ्यायला आला, तेव्हा हुसेननं हात जोडून नाही म्हटलं. शेठ हसला आणि गाडी घेऊन बाजूच्या गॅरेजात गेला.

त्याच आठवड्यात एक बाई विचारत विचारत आली आणि दाराशी पडलेल्या जुन्या टायरवर बसली. ती मोतीरामची बायको दुर्गाबाई होती.

"भाऊ, तुमीच ठाण्यात गेलते म्हणते?"

"हो माय. पण माह्यं कोणी आयकलं नाही. तो भोंगा माह्याच हातचा होता."

दुर्गाबाई टायरवरून उठली नाही. "मी भांडाले नाही आली. आमच्या मालकाच्या कानावर शेवटी काय पडलं, तेवढं मले आयकाचं हाये. सारे सांगते, मी तं घरी भाकरी करून राहिली होती."

पोतं कोपऱ्यातच होतं. हुसेननं तिकडे पाहिलं. "माय, इंजिनाबिगर तो वाजत नाही," तो कसंबसं म्हणाला. ते खरंही होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून गोवर्धनशेठचा ट्रक आला. पुढे एक सायकलवाला होता, त्याच्या मागे ड्रायव्हरनं तार ओढून धरली. बाजूच्या गॅरेजवाल्यानं पाच नळ्या बसवल्या होत्या. वरचे पत्रे थरथरले. सायकलवाला खाली उतरून नालीत उभा राहिला. दुर्गाबाईनं दोन्ही हातांनी टायर घट्ट धरला, आणि हलीमाबी आतून धावत येऊन तिला बिलगून बसली.

ट्रक दूर गेला. धूळ खाली बसली.

"असाच होता का?" दुर्गाबाईनं विचारलं.

हुसेनला तिच्याकडे पाहवेना.

"नाही माय," तो म्हणाला. "तो याच्याहून लहान होता."