गच्चीवरचं पाणी

भावोजींना मेंदूचा ताप आला, तेव्हा धाकटीला पहिल्यांदा आपल्या कामाचा राग आला. कोणता डास कोणत्या रानपक्ष्याला चावतो आणि त्याच्या रक्तातला विषाणू पुढे कुणापर्यंत नेतो, हे शोधण्यात तिची बारा वर्षं गेली होती. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले भावोजी तिला कौतुकाने ‘डासबाई’ म्हणायचे. तिला सूक्ष्मदर्शकाला पहिल्यांदा डोळा लावायला शिकवलं तेही त्यांनीच. आणि नेमका त्यांनाच डास चावला.

तीन आठवड्यांनी ते इस्पितळातून घरी आले. उजवा हात लुळा पडला होता. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच अडकायचे.

ताई-भावोजींच्या इमारतीला लागून सात जुनी झाडं होती. त्यांवर रातबगळ्यांची घरटी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकच घोशा लावला होता, झाडं तोडा. अर्जावर पहिली सही ताईची होती.

“हा रोग पक्ष्यांच्या रक्तात असतो, असं तूच सांगायचीस ना?” ताईने विचारलं. “मग आता मूग गिळून का बसलीस?”

“असतो गं. पण मधे डास लागतो. तो कुठून आला ते कळू दे.”

“तुझं कळेपर्यंत आणखी कुणाचा तरी नवरा आडवा होईल.”

आरोग्य अधिकाऱ्याने झाडांचा निर्णय तिच्या अहवालापर्यंत थांबवला होता. मुदत एक महिन्याची.

ती कामाला लागली. दिवेलागणीला झाडांवर आणि इमारतीत डासांचे सापळे टांगायचे, उजाडताच गोळा करायचे. झाडांमध्ये बारीक जाळी लावून रातबगळे धरायचे. पंखाखालच्या शिरेतून थोडंसं रक्त घ्यायचं, रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरायचा आणि पाखरू सोडून द्यायचं. तळहाताखाली त्याचं काळीज धडधडत राहायचं. एरवी तिला त्याची माया वाटायची. या खेपेला वाटली नाही.

प्रयोगशाळेत डासांच्या पोट फुगलेल्या माद्या वेगळ्या काढून पोटातलं रक्त कुणाचं ते तपासलं. निकाल हाती आले. काही रातबगळ्यांच्या रक्तात विषाणू होता. म्हणजे ताई अगदीच चुकीची नव्हती. पण ताईच्या इमारतीतल्या सापळ्यांत सापडलेल्या सव्वीस माद्यांपैकी नऊ जणींच्या पोटात रातबगळ्याचं रक्त होतं आणि माणसाचंही. या डासांची पैदास हाकेच्या अंतरावरच कुठेतरी होत असणार. झाडांखालची जमीन तर कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी ती इमारतीच्या गच्चीवर गेली. साळुंक्या-चिमण्यांसाठी भावोजींनी तिथे तीन पसरट कुंड्या आणि एक जुना टब ठेवला होता. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कधी ओतून टाकत नसत. रोज वरून भर घालत. आजारपणानंतर ताईने तोच नेम चालवला होता. धाकटी टबावर वाकली. पाण्यात डोकं खाली करून शेकडो अळ्या लोंबकळत होत्या. तिची सावली पडताच साऱ्या वळवळत तळाला गेल्या.

ती तिथेच कठड्याला टेकून खाली बसली. या गच्चीवर ती भावोजींबरोबर कितीदा तरी चहा प्यायली होती. जगभरची डबकी तिने पालथी घातली, पण या टबात एकदाही डोकावली नव्हती.

खाली येऊन तिने ताईला सगळं सांगितलं.

“म्हणजे त्यांनीच स्वतःवर ओढवून घेतलं, असं लिहिणार तू?” ताईने विचारलं.

“त्यांना चावलेला डास इथलाच, हे मला सांगता येणार नाही. पण इथे डास होतात आणि ते पक्ष्यांना चावून माणसांकडे येतात, हे लिहावं लागेल.”

“आमची गच्ची वगळ. सगळं गाव नावं ठेवेल त्यांना.”

“चूक माझी आहे, ताई. मला दिसायला हवं होतं.”

“हो,” ताई म्हणाली. “तुला दिसायला हवं होतं.”

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. भावोजी भिंतीला धरून उंबऱ्यापाशी आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओठ हलले, मान ताठ झाली, कपाळावर घाम आला.

“लि... लिही,” ते म्हणाले.

ताईने त्यांना खुर्चीत बसवलं आणि मग तोंड फिरवून ती स्वयंपाकघरात गेली.

धाकटीने अहवालात गच्ची लिहिली, पत्त्यासकट. झाडं वाचली. अधिकाऱ्याची माणसं घरोघर फिरली, तेव्हा आणखी चौदा गच्च्यांवर अळ्या सापडल्या. सगळीकडचं साठलेलं पाणी ओतून टाकलं गेलं. आसपास तसा ताप पुन्हा कुणाला आला नाही. तो पाणी ओतल्यामुळे थांबला की मोसम सरल्यामुळे, हे ठामपणे सांगायला धाकटी तयार नव्हती.

भावोजींचा हात सुधारला नाही. ती दर रविवारी जाऊन त्यांना डाव्या हाताने अक्षरं गिरवायला मदत करते. ताई दार उघडते, चहा ठेवते, कामापुरतं बोलते. गेल्या रविवारी मात्र धाकटी निघाली तेव्हा ताईने विचारलं, “पुढच्या वेळी जेवायलाच येशील?”

धाकटी हो म्हणाली.